मदत हवी आहे: कमी तासांचं पण नऊ वर्षं बंद असलेलं लायकमिंग ओ-320 विमान-इंजिन घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आरव्ही-9ए हे छोटं विमान स्वतः बांधतोय. शेपूट आणि पंख झाले, फ्यूजलाज साच्यातून उतरलं. आता फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आगरोधक भिंतीच्या) पुढचं ठरल्याशिवाय काम सरकत नाही, कारण माउंट, काउलिंग, प्रोपेलर, बॅटरीची जागा, सगळं इंजिनावर अवलंबून. या विमानासाठी 118 ते 160 अश्वशक्ती सांगितलेली आहे आणि ती वरची हद्द ओलांडायची नाही, हे मनाशी पक्कं आहे.

रोटॅक्स 912 यूएलएसचा विचार केला होता. वजनाला हलकं, शांत, चांगलं इंजिन, पण त्याची 100 अश्वशक्ती इथे अपुरी. मोटारीचं इंजिन बदलून बसवणारे माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या मेहनतीबद्दल आदर आहे. मला मात्र रिडक्शन ड्राइव्ह (प्रोपेलरचा वेग कमी करणारी यंत्रणा) आणि कूलिंगचे प्रयोग पहिल्याच विमानात करायचे नाहीत. म्हणून 160 अश्वशक्तीचं ओ-320. नवं परवडत नाही. समोर जुनी दोन आहेत.

पहिलं ओ-320-डी3जी, प्रशिक्षणाच्या विमानातून काढलेलं. नव्यापासून साधारण 1100 तास, एकदाही उघडलेलं नाही. वादळात विमानाचा पंख मोडला, इंजिनाला धक्का नाही, लॉगबुक पहिल्या पानापासून सलग. अडचण एवढीच की तेव्हापासून नऊ वर्षं ते शेडमध्ये आहे. गंज रोखणारं प्रिझर्व्हेटिव्ह तेल भरलं नव्हतं, ओल शोषणारे डेसिकंट प्लग लावले नव्हते. मालक सांगतात, "दर महिन्याला हाताने फिरवत होतो." ही काळजीपोटी केलेली गोष्ट आहे हे समजतं, पण मला त्याचीच भीती वाटते. हाताने फिरवून तेल वर चढत नाही, उलट भिंतींवर उरलेला पातळ थर पुसला जातो.

दुसरं त्याच कुळातलं, तेवढ्याच शक्तीचं. प्रोपेलर जमिनीला लागल्यावर चार वर्षांपूर्वी ओव्हरहॉल (पूर्ण उघडून दुरुस्ती) झालं आणि त्यानंतर सुरूच झालेलं नाही. क्रँकशाफ्टच्या (प्रोपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) तपासणीचा कागद आहे. बाकी बिलावर फक्त "ओव्हरहॉल केले" आणि "सिलिंडर वापरण्यायोग्य". मापं नवीन भागांच्या मर्यादेत बसवली की सर्व्हिस लिमिटमध्ये (वापरलेल्या भागाला चालणाऱ्या कमाल झिजेत), याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त.

पहिल्याची डिफरन्शियल कॉम्प्रेशन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून किती दाब टिकतो ते पाहणं) केली, इंजिन थंड असताना. 80 पीएसआयच्या दाबावर तीन सिलिंडर 72 ते 75, चौथा 64, आणि त्याची हवा एक्झॉस्टमधून ऐकू येते. बोरस्कोपने (आत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने) पाहिलं तर त्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेचा रंग सगळीकडे सारखा आहे, जळाल्याची एकतर्फी खूण नाही. म्हणून सीटवर गंजाचा कण असावा असा अंदाज. सिलिंडरच्या भिंतींवर तांबूस झाक आहे, खड्डे नाहीत.

सिलिंडरची मला तितकी चिंता नाही, ते बदलता येतात. चिंता कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची. या इंजिनांत कॅम क्रँकच्या वर असतो, त्यामुळे इंजिन थांबलं की तेल त्याच्यावरून निथळून जातं आणि सगळ्यात आधी गंज तिथे धरतो. पैसे देण्याआधी केस (इंजिनाचं मधलं कवच, क्रँककेस) न फोडता कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) कितपत पाहता येतात? आणि दुसऱ्या इंजिनाच्या बाबतीत कोणते कागद हट्टाने मागावेत? शक्यतो ज्यांनी स्वतः ओ-320 उघडलंय त्यांनी सांगावं.

— रिव्हेटवाला

प्रतिसाद: कॅमलोब

रिव्हेटवाले, तुमची भीती योग्य जागी आहे. 1100 हा आकडा बाजूला ठेवा. रोज उडणाऱ्या शाळेच्या विमानातलं 1900 तासांचं इंजिन मी नऊ वर्षं झोपलेल्या 1100 तासांच्या इंजिनापेक्षा आधी उचलीन. लायकमिंगने ओ-320 च्या ओव्हरहॉलसाठी 2000 तासांसोबत 12 वर्षांची मुदतही सांगितली आहे ती उगाच नाही, आणि तुमच्या या इंजिनाचं वय ती ओलांडून गेलेलं असणार.

डी3जीमध्ये टॅपेट छत्रीसारखे, म्हणजे तळ रुंद आणि दांडा बारीक. ते केस फोडल्याशिवाय बाहेर निघत नाहीत. (बाहेरून निघणारे टॅपेट ओ-320-एच2एडीमध्ये आहेत, पण सेसना 172एनमधल्या त्या इंजिनाचा कॅम-टॅपेटचा इतिहास चांगला नाही आणि त्याची केसही वेगळी, त्यामुळे त्याच्या वाटेला जाऊ नका.) मात्र सिलिंडर उतरवला की त्या भोकातून कॅम दिसतो. या चार सिलिंडरच्या इंजिनांत समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना मिळून एकच इनटेक लोब (इनटेक व्हॉल्व्ह उघडणारा कॅमवरचा उंचवटा) असतो, त्याच्यावर दुप्पट काम पडतं. म्हणून एकाच बाजूचे पुढचा आणि मागचा असे दोन उतरवले तर दोन्ही इनटेक लोब नजरेखाली येतात.

लोबच्या टोकावर नख फिरवा. नख अडकलं, टोक गोलसर झालेलं दिसलं, किंवा टॅपेटच्या तळावर पापुद्रा सुटल्यासारखे खड्डे असले, तर केस फोडायचीच असं धरून भाव करा. नुसता तपकिरी डाग असेल आणि नखाला काही लागत नसेल तरी मी स्वतः ते इंजिन तसंच उडवणार नाही. गंजाचा सूक्ष्म खड्डा पुढच्या शंभर-दोनशे तासांत सोलायला लागतो आणि ते पोलाद तेलाबरोबर बेअरिंगपर्यंत जातं.

एक गोष्ट कृपा करून विसरू नका. सिलिंडर उतरवल्यावर क्रँक फिरवायचा असेल तर थ्रू-बोल्टवर (केसच्या आरपार जाणाऱ्या लांब बोल्टवर) सिलिंडरच्या जागी स्पेसर घालून नट ठरलेल्या टॉर्कने आवळा, मगच फिरवा. तेच बोल्ट केसच्या दोन अर्धांना मेन बेअरिंगभोवती दाबून धरतात. ते सैल असताना क्रँक फिरवला तर बेअरिंगचं शेल सरकू शकतं, तेलाचं भोक बंद होतं, आणि हे बाहेरून कळत नाही.

प्रतिसाद: मापंपट्टी

दुसऱ्या इंजिनाबद्दल लिहितो.

प्रोपेलर जमिनीला लागला म्हणजे लायकमिंगचं सर्व्हिस बुलेटिन 533 आणि एफएए या अमेरिकी विमान नियामकाचा एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) 2004-10-14 लागू. क्रँकच्या मागच्या टोकाचा गिअर, त्याची डॉवेल पिन तपासली का आणि बोल्ट व लॉकप्लेट नवे बसवले का, हे लेखी हवं. तो बोल्ट तुटला तर कॅम आणि मॅग्नेटो दोन्ही थांबतात. दुसरा एडी 98-02-08: स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रोपेलरबरोबर चाललेल्या पोकळ क्रँकशाफ्टमध्ये पुढच्या बोअरला आतून गंजाचे खड्डे पडतात, त्याची तपासणी. तुमच्या पहिल्या इंजिनालाही हेच विचारा.

मग मापं. "ओव्हरहॉल" या शब्दात दोन अगदी वेगळी कामं बसतात. सर्व्हिस लिमिटमध्ये बसणारा भाग आज कायदेशीर असतो, पण त्याची पुढची झीज आधीच वापरून झालेली असते. क्रँक जर्नल, मेन बेअरिंग क्लिअरन्स, टॅपेट बॉडीची भोकं, व्हॉल्व्ह गाइड, यांचे प्रत्यक्ष मोजलेले आकडे मागा आणि लायकमिंगच्या एसएसपी-1776 या मापमर्यादांच्या कोष्टकाशी स्वतः ताडून पाहा. ज्याने काम नीट केलंय त्याच्याकडे हे आकडे असतात. नसतील तर मी ते इंजिन न उघडलेलं समजून त्याच भावाने मागेन.

सिलिंडरची आतली भिंत नायट्राइडने कठीण केलेली आहे की क्रोमचा थर दिलेली, हेही विचारा. बुंध्याच्या फिन्सवर निळा पट्टा नायट्राइडचा, नारिंगी क्रोमचा. या दोन्हींत क्रोमच्या रिंगा चालत नाहीत. चुकीची जोडी बसली असेल तर पिस्टनच्या रिंगा कधीच भिंतीला घट्ट बसत नाहीत, तेल जळत राहतं.

आणि चार वर्षं हेही इंजिन बंदच आहे. जोडताना लावलेलं तेल किती टिकलं, हे इथेही कॅम बघूनच कळेल.

रिव्हेटवाला

कॅमलोब, मापंपट्टी, दोघांचे मनापासून आभार. इनटेक लोब सामायिक असतो हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, त्यामुळे कुठले सिलिंडर उतरवायचे हा प्रश्न सुटला. दुसऱ्या विक्रेत्याला आकडे मागितले, "शोधून सांगतो" म्हणाले. पहिले मालक स्वतःसमोर सिलिंडर उतरवू द्यायला तयार आहेत.

कॅम खराब निघाला तर पूर्ण इंजिन उघडून, क्रँक, कॅम, रॉड चुंबकीय तपासणीला पाठवून, जुळणी अनुभवी मेकॅनिकच्या देखरेखीखाली करायचं ठरतंय. एकच शंका राहिली: नवं विमान, नवी जुळणी. रिंगा बसवण्यासाठी जोरात चालवावं लागतं, आणि नव्या विमानाच्या पहिल्या चाचण्या तर जपून करायच्या असतात. हे दोन्ही कसं सांभाळता?

प्रतिसाद: कॅमलोब

जमिनीवर कमीत कमी चालवून. टॅक्सीच्या चाचण्यांचा मोह टाळा, त्या कमी शक्तीवर आणि कमी हवेत सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि मग रिंगा बसत नाहीत. शक्य असेल तर इंजिन आधी टेस्ट स्टँडवर, कूलिंगच्या पेटीसह आणि क्लब प्रोपेलर (चाचणीसाठीचा आखूड प्रोपेलर) लावून चालवून घ्या. तेल साधं मिनरल. पहिलं उड्डाण 75 टक्क्यांच्या आसपास शक्तीवर, धावपट्टीच्या डोक्यावर उंची ठेवून, गोल गोल. विमानाची चाचणी आणि इंजिनाची गरज इथे एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण पहिल्या तासात तुम्हाला तसंही दूर किंवा हळू जायचं नसतं.

सिलिंडर हेडचं तापमान बघत राहा. 500 फॅरनहाइट ही शेवटची रेघ आहे, मी 430 ला शक्ती कमी करून उतरतो. एखाद्या सिलिंडरचं तापमान अचानक खाली येऊन स्थिरावलं की त्याच्या रिंगा बसल्या.

सिलिंडर उतरवाल तेव्हा टॅपेटच्या तळांचे फोटो तिरप्या उजेडात काढा. समोरून फ्लॅश मारला तर खड्डे दिसत नाहीत.