मदत हवी आहे: अमेरिकन कोर्टाने ‘सामाजिक समता’ कधी मान्य केली?

अभ्यासमंडळात अमेरिकेतल्या समतेवर बोलायचं आहे आणि एका मुद्द्यावर गाडं अडलंय. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की १४ वी घटनादुरुस्ती कायद्यापुढची समता देते, सामाजिक समता लादत नाही. सबब काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे असले तरी हरकत नाही. (लुइझियानाच्या त्याच कायद्यात गोऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या काळ्या दाईला मात्र गोऱ्यांच्या डब्यात बसायची सूट होती. सोय बघा!)

काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल मुळातून वाचला, तो सार्वजनिक शिक्षणापुरतंच बोलतो. हॉटेलांसारख्या ठिकाणी वंशभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा कोर्टाने टिकवला तो समतेच्या नव्हे, आंतरराज्य व्यापाराच्या कलमावर. १९६७ च्या लव्हिंग निकालाने आंतरवंशीय लग्नांवरची बंदी गेली, पण तिथेही कायद्यापुढची समता आणि सामाजिक समता ही विभागणी थेट खोडलेली मला तरी दिसली नाही.

प्लेसी खटल्यातलं न्यायमूर्ती हार्लन यांचं एकट्याचं विरोधी मत वाचलंय, त्यामुळे ते नको. मी वकील नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा. निकाल इंग्रजीत असला तरी चालेल.

तर ‘कायद्यापुढची समता वेगळी, सामाजिक वेगळी’ हा युक्तिवाद कोर्टाने कुठल्या निकालात स्पष्ट शब्दांत नाकारला, की तो नुसताच मागे पडला?