पावसाने विमान रद्द झालं, तर पुढची जबाबदारी कोणाची?

निशिगंधा_ठाणे
गेल्या जुलैत आई आणि मी नागपूरहून संध्याकाळच्या विमानाने मुंबईला येत होतो. मुंबईवर पाऊण तास घिरट्या घातल्या. खिडकीतून नुसता काळा ढग. शेवटी विमान अहमदाबादला वळवलं. त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. त्या पावसात पायलटने हट्ट धरला नाही, हे आमचं नशीबच.

माझी तक्रार पुढच्या प्रकाराबद्दल आहे. अहमदाबादला साडेतीन तास विमानातच बसवून ठेवलं. आईचं इन्सुलिन थंड पिशवीत होतं, त्यातल्या जेलचं केव्हाच पाणी झालं होतं. हवाई सुंदरीने ट्रॉलीत उरलेला बर्फ एका ग्लासात आणून दिला. आईने तो रुमालात बांधून इन्सुलिनच्या पेनाशेजारी ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी ती चाचपून बघत होती. मग कळलं, क्रूची ड्युटी संपली. सगळ्यांना उतरवलं. काउंटरवर दोन मुलं, समोर पावणेदोनशे माणसं. "वेदर आहे मॅडम. परवा दुपारची सीट देतो, नाहीतर रिफंड घ्या." जेवण नाही, राहायची सोय नाही. रात्री अहमदाबाद स्टेशन गाठलं, टीसीच्या विनवण्या करून आईपुरती एक बर्थ मिळवली आणि मी तिच्या पायाशी बसून आले.

हवामानामुळे विमान रद्द झालं तर डीजीसीएच्या, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमातली ५ ते १० हजारांची भरपाई कंपनीला द्यावी लागत नाही. ते मला मान्य आहे. पण जेवण, मुक्काम आणि गरज पडली तर दुसऱ्या कंपनीच्या विमानात सीट, या तीन गोष्टी 'वेदर' या सबबीतून स्पष्ट शब्दांत बाहेर काढायला हव्यात. पाऊस कंपनीने पाडला नाही, पण माणसं अहमदाबादला कंपनीने उतरवली ना?

रॅम्पवाला
ताई, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी विरोधात लिहितोय, कारण अकरा वर्षं मुंबई विमानतळावर ग्राउंडचं काम केलंय.

मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. १ जुलै २०१९ च्या रात्री पावसात एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे घसरलं, तर ती पट्टी काही दिवस बंद होती आणि सगळा भार आखूड पट्टीवर आला. शिवाय वीज जवळपास कडाडायला लागली की रॅम्पवरची, म्हणजे विमानं उभी राहतात त्या उघड्या जागेवरची, माणसं आत बोलवावी लागतात. सामान नाही, इंधन नाही, काही नाही. अशा वेळी विमान उतरलं तरी ते उभं करायला जागा रिकामी नसते. एकच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करतं, म्हणजे दुपारचा एक तासाचा उशीर रात्री चार तासांचा होतो.

आता सीटचा हिशोब करा. १८० माणसं अडकली. पुढच्या प्रत्येक विमानात दहा जागा रिकाम्या धरल्या, तरी अठरा विमानं लागतात. 'परवा दुपारची' म्हणणारा मुलगा खोटं बोलत नव्हता. दुसऱ्या कंपनीत बसवायचं तर आधी दोन कंपन्यांत तसा करार लागतो. स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांत सहसा तो नसतो. बटण दाबलं आणि तिकीट फिरलं, असं होत नाही.

लोहगाव_रोड
हिशोब पटला. पण मग रिफंडचा हिशोबही मांडा. माझं तिकीट ४,२०० रुपयांचं होतं. रद्द झालं, पैसे पूर्ण परत आले, कबूल. त्याच संध्याकाळी दुसरं तिकीट बघितलं तर १३,८००. म्हणजे परताव्यातून तिकिटाचा तिसरा हिस्साही निघत नाही! पर्यायी विमान की परतावा, ही निवड प्रवाशाची, असं नियम म्हणतो. पण पर्यायी विमान परवाचं असेल तर ती निवड कसली?

इसारकाठी
म्युनिकहून लिहितोय. युरोपातही खराब हवामानाला रोख भरपाई नाही. पण जेवण, हॉटेल आणि पुढचा प्रवास यांतून कंपनीची सुटका नाही. २०१० मध्ये आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेने आकाश कित्येक दिवस बंद झालं होतं. त्यावरच्या एका खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितलं की इतकी मोठी आपत्ती असली, तरी प्रवाशाची देखभाल कंपनीनेच करायची आणि तिला दिवसांची किंवा पैशांची मर्यादा नाही. निशिगंधाताई जे मागतायत ते इथे रोज चालतं. कंपन्या काही बुडाल्या नाहीत.

रॅम्पवाला
म्युनिकला चार महिने सलग असा पाऊस पडत नाही. तो खर्च शेवटी तिकिटात येणार. नागपूर-मुंबई हजार रुपयांनी वाढलं तर ज्यांचं विमान वेळेवर सुटतं, त्यांनी का भरायचं?

लोहगाव_रोड
कारण पुढच्या वेळी अडकणारे ते असतील. एसटी बंद पडली तर मागच्या एसटीत बसवून देतात, तिथे कोणी असं विचारत नाही.

आंबोलीकर
मला दोन्ही बाजूंचा मूळ मुद्दाच चुकतोय असं वाटतं. कोकण रेल्वे दर वर्षी पावसाळी वेळापत्रक काढते. गाड्या हळू जाणार, हे जूनच्या आधीच छापून सांगते. लोक कुरकुरतात पण तयारीने निघतात. विमानांचं काय? मुंबईत जुलै येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यावर विमानतळ तीस तासांहून जास्त बंद होता, तरी पावसाळ्यात फेऱ्या दाटीवाटीनेच लावतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने मुंबईच्या गर्दीच्या वेळेतल्या फेऱ्या तासाला ४६ वरून ४४ केल्या, कारण विमानं ४०-६० मिनिटं हवेत फिरत होती. तेही कोरड्या हवेत! पावसाळ्यात अजून कमी करा. रिकामा वेळ ठेवलात तर रात्रीपर्यंत ढिगारा साचणार नाही.

रॅम्पवाला
हे मी मान्य करतो. आतली माणसंही हेच बोलतात. पण फेऱ्या कमी म्हणजे सीट कमी, भाडं जास्त. तेव्हा ओरडू नका.

आणि अजून एक. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीच्या धुक्याने गोंधळ झाला, गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान मुंबईला वळवलं आणि प्रवासी विमानाशेजारी बसून जेवले, ते तुम्ही पाहिलं असेल. त्यानंतर डीजीसीएने सांगितलं की अशा हवामानात उशीर तीन तासांवर जाणार असेल तर विमान वेळेआधीच रद्द करता येईल. मला तो निर्णय योग्य वाटतो. माणूस घरी असतानाच कळलं तर तो गाडी पकडेल.

निशिगंधा_ठाणे
घरी असेल तर. आम्ही निम्म्या वाटेत होतो. रद्द करण्याचा नियम निघालेल्या माणसाच्या काय कामाचा?

सीटच्या हिशोबावर मात्र मी माघार घेते. अठरा विमानं लागतात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या कंपनीत सगळ्यांना बसवा, ही मागणी सोडते. आजारी, म्हातारे, लहान मूल असलेले, एवढ्यांना तरी आधी बसवा. पावणेदोनशेत असे पंधरा-वीस निघतील. जेवण आणि मुक्कामावरून मात्र मी हटणार नाही.

आंबोलीकर
पावसाळ्यात शक्यतो दिवसाचं पहिलं विमान घ्या, विमान रात्रीच येऊन उभं असतं. पुढे परदेशी जायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं चुकलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. एजंटकडून काढलं असेल तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच, तिकडे टोलवाटोलवी ऐकू नका.

रॅम्पवाला
ताई, आजारी माणसांना आधी बसवण्याबद्दल. काउंटरवरच्या मुलाला तो अधिकार नसतो, ड्युटी मॅनेजरला असतो. त्या रात्री कोणी त्याला बोलावलं होतं का?

निशिगंधा_ठाणे
असा कोणी असतो हेच आम्हाला कोणी सांगितलं नाही. आई खुर्चीवर बसून रुमाल पिळत होती.