शब्दचर्चा : ऋण, उणे की मायनस? आणि उणे कशापेक्षा?

पेठेतला डिप्लोमा :
ऑडिओ प्रीअँपच्या (बारीक आवाजाचा सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटच्या) प्रोजेक्टचा अहवाल मराठीत लिहायला सरांनी चक्क होकार दिलाय. सर्किटला तीन तारांचा पुरवठा आहे : अधिक १२, शून्य आणि उणे १२. क्रमिक पुस्तकात 'ऋण विभव' सापडतं, तपकीर गल्लीत (पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) सगळे 'मायनस बारा' म्हणतात, आणि मी मसुद्यात 'नकारात्मक व्होल्टेज' लिहून बसलोय. त्यात पार्टनर म्हणतो, वीज एक तर असते नाही तर नसते, शून्याच्या खाली कुठून येणार? शब्द कोणता घेऊ, आणि ह्याला काय सांगू?

अनुस्वार :
'नकारात्मक' आधी खोडा. नकारात्मक माणसाचा सूर असतो, बाराचा आकडा नसतो. आकडा वाचताना 'उणे' म्हणावं. पारा उणे पाचवर गेला म्हणतो, तसंच उणे बारा व्होल्ट. टोकाला किंवा पुरवठ्याला विशेषण लावायचं तर 'ऋण' : ऋण अग्र, ऋण पुरवठा. गल्लीत बोलताना मायनसच म्हणा, नाहीतर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

'धन' आणि 'ऋण' ही जोडी ब्रह्मगुप्तापासूनची. इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले, तिथे ऋण म्हणजे सरळ कर्ज. आणि कर्ज म्हटलं की 'कुणाचं?' हे आलंच. सावकाराचं नाव न सांगता ऋण सांगता येत नाही. तुमच्या पार्टनरने नेमका तो प्रश्न विचारलेला नाही.

कात्रजचा टेस्टर :
पार्टनरला उदाहरणच दाखव. नऊ व्होल्टच्या दोन चौकोनी बॅटऱ्या घे, एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला जोड. आता तीन जागा झाल्या : वरचं टोक, मधला सांधा, खालचं टोक. मीटरची काळी प्रोब सांध्यावर धर आणि लाल फिरव. वर ९, खाली −९. (नवी बॅटरी नऊपेक्षा थोडं जास्त दाखवेल, ते सोड.) मग काळी उचलून खालच्या टोकाला लाव. तीच तीन टोकं आता ०, ९ आणि १८ दाखवतील. काळी वरच्या टोकाला नेलीस तर ०, −९, −१८. बॅटरीत काहीच बदललेलं नाही.

व्होल्टेज एका जागेचं नसतंच, दोन जागांमधलं असतं. म्हणून तर मीटरला दोन प्रोब. 'विभवांतर' हा शब्द ऐकायला जड आहे, पण त्यातलं 'अंतर' अगदी नेमकं आहे.

पेठेतला डिप्लोमा :
म्हणजे उणे १२ नुसतं म्हणण्यापुरतं? मग ० आणि २४ म्हणून मोकळं का होऊ नये?

कात्रजचा टेस्टर :
होता येतं की. सिंगल सप्लायची सर्किटं तशीच असतात. दोन सारखे रेझिस्टर लावून मधला १२ चा बिंदू काढायचा आणि सिग्नल त्यावर बसवायचा. पण मग आत येताना आणि बाहेर जाताना कपॅसिटर घालावे लागतात, कारण तुझा सिग्नल १२ वर आणि शेजारच्या अँप्लिफायरचा शून्यावर.

आवाजाचा सिग्नल शून्याच्या दोन्ही बाजूंना हेलकावतो. टीएल०७२ सारख्या ऑप-अँपचं (सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचं) आउटपुट पुरवठ्याच्या दोन टोकांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्याला नुसते ० आणि १२ दिलेस आणि सिग्नल शून्याभोवती ठेवलास, तर खालचा अर्धा भाग बाहेर येणारच नाही. उणे पुरवठा असतो तो त्या खालच्या अर्ध्यासाठी.

आणि शून्य कुठेही मानलं तरी पार्ट्सना दिशा असते, हे विसरू नकोस. व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपाच घे : अधिक १२ च्या ७८१२ ला मधला पाय शून्याचा, उणे १२ च्या ७९१२ ला मधला पाय इनपुटचा. ७९१२ चा पत्राही इनपुटला जोडलेला असतो. तो अभ्रकाच्या चकतीशिवाय चासीवर (धातूच्या सांगाड्यावर) आवळलास, आणि चासी शून्याला असेल, तर थेट शॉर्ट.

एक्स्चेंजवाले आजोबा :
पोरांनो, 'मायनस म्हणजेच अर्थिंग, जमीन' ही समजूतही काढून टाका. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटरी उणे ४८ ची. तिचं प्लस टोक जमिनीला जोडलेलं आणि मायनस लाइनवर. नवीन आलेला मुलगा हटकून उलटं समजायचा. प्लस जमिनीला जोडण्याचं कारण सोपं आहे. केबलमध्ये ओल शिरली की तांबं आणि माती यांच्यात विद्युत-अपघटन सुरू होतं, आणि त्यात धन बाजूचा धातू विरघळतो. तार जमिनीपेक्षा उणे ठेवली की तांबं वाचतं.

जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालणारे जुने रेडिओही असेच. पुष्कळांची चासी बॅटरीच्या प्लसला. काळी प्रोब सवयीने चासीवर टेकवा, सगळं रीडिंग उणे येतं.

वीजबिलग्रस्त :
'दाब' का नको? महावितरण इतकी वर्षं उच्चदाब ग्राहक, लघुदाब ग्राहक लिहितेच आहे.

अनुस्वार :
बिलावर शोभतो. पण 'उणे दाब' म्हटलं की कुणीतरी वीज शोषून घेतंय असं वाटतं. इथे नको.

पेठेतला डिप्लोमा :
शून्याच्या तारेला काय लिहू? 'भूमी' लिहिलं तर सर हसतील.

अनुस्वार :
हसतीलच, आणि तेही रास्तच. बॅटरीवर चालणाऱ्या डब्याचा मातीशी संबंध काय? 'भूसंपर्क' फक्त तीन पिनांच्या प्लगच्या मोठ्या पिनेसाठी राखून ठेवा. सर्किटमधल्या शून्याला 'सामाईक बिंदू' किंवा 'संदर्भबिंदू' म्हणा. मीटरवर काळ्या प्रोबच्या भोकापाशी 'कॉम' असतं, म्हणजे कॉमन, तेही सामाईकच.

कात्रजचा टेस्टर :
संदर्भ कुठेही धरता येतो, पण ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) नाही. साध्या मेन्सवरच्या स्कोपच्या प्रोबचा काळा चिमटा आतून थेट भूसंपर्काला जोडलेला असतो. मीटरची काळी प्रोब हवी तिथे लावतोस, तसा तो चिमटा मेन्सशी जोडलेल्या सर्किटमध्ये भलत्या ठिकाणी लावलास तर तिथून तो बिंदू जमिनीला शॉर्ट होतो. हे अहवालात नाही लिहिलंस तरी चालेल, लॅबमध्ये लक्षात ठेव.

घरच्या सॉकेटचं बघ. २३० व्होल्ट हे न्यूट्रलच्या सापेक्ष, आणि तोही एक प्रकारच्या सरासरीचा (आरएमएस) आकडा, शिखराचा नव्हे. फेजची तार सेकंदाला ५० वेळा साधारण ३२५ पर्यंत वर जाते आणि तितक्याच वेळा उणे ३२५ पर्यंत खाली. पार्टनरचा मोबाइल रोज शून्याखालच्या विजेवरही चार्ज होतोय.

पेठेतला डिप्लोमा :
तो आता गप्प आहे. असं लिहू का : 'सर्व व्होल्टेज सामाईक बिंदूच्या सापेक्ष मोजली आहेत. ऋण पुरवठा : उणे १२ व्होल्ट'?

अनुस्वार :
उत्तम. फक्त 'सामाईक बिंदू' आकृतीत नावानिशी दाखवा, नाहीतर वाक्य अधांतरी राहील.

एक्स्चेंजवाले आजोबा :
आणि बोर्डावर शब्द नको, −१२ असाच छाप. त्या बाजूच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची पट्टी −१२ कडे, प्लसचा पाय शून्याला. घाईत पोरं तो उलटा लावतात, मग फुगून फुटतो.