अनुभव धागा : रडू आल्यावरची चित्रपुस्तकं

लेक साडेचार वर्षांची. 'रडायचं नाही हं' हे आमच्या तोंडी इतकं बसलेलं, की पुस्तकात कुणी रडताना दिसलं की ती त्या चित्राच्या तोंडावर हात ठेवायची. मग कोरी डोअरफेल्ड यांचं 'द रॅबिट लिसन्ड' (२०१८) हाती आलं. ठोकळ्यांचा मनोरा पडतो. कोंबडी म्हणते बोलून टाक, अस्वल म्हणतं ओरड. ससा मात्र नुसता बिलगून बसतो. चार दिवसांनी तिचं चित्र फाटलं. तिनं भोकाड पसरलं. मी 'दुसरं काढू' म्हणायला लागले, तर हुंदक्यांमधून म्हणाली, "आई, तू ससा हो ना." गप्प बसणं मला फार जड गेलं, पण बसले.

तुमच्याकडे अशी कोणती पुस्तकं चालली? नाही चालली तर तेही लिहा.

*

मी बालवाडीत शिकवते. मूल रडत असतानाच पुस्तक उघडू नका, त्याला ती शिक्षा वाटते. शांत वेळी वाचलेलंच पुढे आठवतं. शेवटच्या पानावर सगळे हसतात अशी पुस्तकं मी आता कमी वाचते. एक मुलगा दरवेळी मागे जाऊन रडण्याचं पान काढायचा, तिथेच रेंगाळायचा. राग लाल, दुःख निळं अशी पुस्तकं भावनांना नावं द्यायला बरी. पण एकीने सांगितलं, "माझे आत्ता दोन रंग आहेत." पुस्तकात तसं पानच नव्हतं.

*

धाकटं बाळ आलं तेव्हा थोरली ठामपणे म्हणायची, "ते खोटं रडतं, पाणी कुठंय?" चित्रांतली बाळं धो धो अश्रू गाळतात ना! नवजात बाळाच्या डोळ्यांतून पहिले काही आठवडे सहसा अश्रू ओघळत नाहीत, हे एकाही पुस्तकानं तिला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं.

*

माझे वडील गेले तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता. मायकेल रोझेन यांचं 'सॅड बुक' (२००४) त्याच्यासोबत वाचलं. अठरा वर्षांचा मुलगा गेल्यावर त्यांनी ते लिहिलं; चित्रं क्वेंटिन ब्लेक यांची. सुरुवातीलाच हसरा चेहरा आहे, आणि मजकूर सांगतो की हा माणूस दुःखी आहे, आनंदी असल्याचं भासवतोय. मुलानं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, तू पण असंच करतोस." त्याच्यासमोर मी तेव्हा पहिल्यांदा रडलो. तो काही बोलला नाही. मी पुढचं वाचेपर्यंत पान धरून बसला. अगदी लहान मुलांना हे पुस्तक देऊ नये असं मला वाटतं, आणि आधी आपण एकट्यानं वाचावं.

*

आमच्याकडच्या पुस्तकांत रडतात त्या बहुतेक मुलीच. भाच्यानं विचारलं, "मुलगे रडत नाहीत?" रडतात, मी म्हटलं. मग त्यानं पेन्सिल घेऊन एका हसऱ्या मुलाच्या गालावर दोन थेंब काढले. मी ते खोडलेले नाहीत.