आखेन: आहे त्या वसतिगृहात राहू की मराठी मुलींच्या फ्लॅटवर जाऊ?

संगमेश्वरची

नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यातली. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आणि या ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय. महिनाअखेरीपर्यंत एक निर्णय घ्यायचाय. घरी फोनवर सांगून आईबाबांना त्यातलं काही नीट कळत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सध्या वसतिगृहात आहे. खोली माझी एकटीची, स्वयंपाकघर अख्ख्या मजल्याचं मिळून एक. मजल्यावर बहुतेक जर्मन मुलंमुली, एक इराणी मुलगी आणि मी.

शहर मला मनापासून आवडलंय. मधोमध एलिझेनब्रुनेन म्हणून खांबांचा पांढरा मंडप आहे. तिथे नळातून गरम पाणी येतं आणि गंधकाचा तोच वास, जो आमच्या तुरळच्या कुंडावर येतो. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिथून हललेच नाही. शार्लमेन राजाने आपलं बस्तान या गावात बसवलं त्यात या पाण्याचा मोठा वाटा होता म्हणतात. लेक्चर वेळापत्रकात दहाचं असेल तर सुरू होतं सव्वादहाला, आणि संपलं की टाळ्या नाहीत, सगळे बाकावर मुठीने ठकठक करतात. रविवारी दुकानं बंद, पण हॉलंडची हद्द गावाला लागूनच. बसने फाल्सला गेलं की तिथली दुकानं उघडी असतात. दूध आणायला परदेशात जाते असं आजीला सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

अवघड आहे ती शांतता. पावणेपाचला अंधार पडतो. मजल्यावरचे सगळे ब्रेड-चीज असं थंडच जेवतात आणि सातच्या आत आपापल्या खोलीत. मी आठ वाजता कुळथाचं पिठलं ढवळत उभी, आणि कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही. कुणी वाईट वागत नाही, उलट मदत मागितली तर हातचं काम टाकून करतात. माझं नाव पत्रपेटीवर लावायचं राहिलं होतं आणि बँकेचं पत्र परत जात होतं, तर समोरच्या खोलीतल्या मुलीने स्वतः पट्टी छापून आणून चिकटवली. पण "जेवलीस का?" असं कुणी विचारत नाही. आमच्याकडे तर ते रस्त्याने जाणारासुद्धा विचारतो.

आता प्रश्न. इथे तीन मराठी मुली फ्लॅट घेऊन राहतात, दोघी पुण्याच्या, एक नागपूरची. त्यांच्याबरोबर राहणारी चौथी मुलगी जातेय, तिची खोली रिकामी होतेय. भाडं जवळपास तेवढंच. स्वयंपाक एकत्र, बोलणं मराठीत. मागच्या शनिवारी त्यांनी जेवायला बोलावलं, गरम भाकरी आणि वांग्याची भाजी. परत येताना बसमध्ये मला रडू आलं. पण तिकडे गेले तर माझं जर्मन आहे तिथेच थांबेल याची भीती वाटते. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, जर्मन जेमतेम ए-2, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं. पहिला हिवाळा काढलेल्यांनी सांगा, काय करू?

निळी छत्री

अगं, राहा तिथेच. मी कोल्हापूरची, आता श्टुटगार्टला नोकरी करते. तू लिहिलेली संध्याकाळ मी पुरेपूर ओळखते, म्हणून हे सहज सांगत नाहीये.

शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला इथे 18 महिने मिळतात. ऐकायला भरपूर वाटतात, पण ए-2 वर राहिलीस तर ते भाषेच्या क्लासातच जातात. माझ्या वर्गातली हुशार मुलं याच एका कारणाने मागे पडली. मी जर्मन शिकले ती कॉमन किचनमध्ये. साफसफाईच्या पाळ्यांचा तक्ता फ्रिजवर लावलेला असेल बघ. तुझ्या पाळीच्या आठवड्यात मुद्दाम सगळे किचनमध्ये असतील तेव्हा ओटा पुसायला घे. कुठला कचरा पिवळ्या पिशवीत, कुठला जैविक डब्यात, हे विचार. त्या विषयावर जर्मन माणूस अर्धा तास बोलतो आणि अगदी मनापासून बोलतो.

आणि "या कधीतरी जेवायला" असं म्हणू नकोस, ते कुणी धरत नाही. तारीख, वार, वेळ सांग. "येत्या शुक्रवारी सात वाजता मी सगळ्यांसाठी आमटी-भात करतेय" असा कागद फ्रिजवर लाव. ठोक्याला सात वाजता हजर होतील, हातात काहीतरी घेऊन.

फोडणी देताना कुणी खिडकी सताड उघडली तर मनाला लावून घेऊ नकोस. वाफ साचून भिंतीला बुरशी धरू नये म्हणून ते कडाक्याच्या थंडीतही उघडतात, पास्ता उकळला तरी उघडतात.

वर्धेचा

मी उलटं सांगतो. जर्मन महत्त्वाचं आहेच, पण पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षा डोक्यावर आहेत. इथे एका विषयाला साधारण तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालं तर तो अभ्यासक्रमच हातचा जातो. आपल्यासारखं केटी लावून, म्हणजे नापास विषय मागे ठेवून, पुढे जाणं नाही. माझा एक मित्र पहिल्या हिवाळ्यात एकटा राहिला. जेवण सुटलं, झोप सुटली, फेब्रुवारीत दोन पेपर गेले. दोन वेळचं गरम जेवण आणि बोलायला माणूस, हे आधी. भाषा संध्याकाळच्या कोर्समध्ये शिकता येते, विद्यापीठांत असे कोर्स असतात.

मात्र हो म्हणण्याआधी करार बघून घे, ताई. नाव मूळ करारात येणार की त्या मुली तुला पोटभाडेकरू ठेवणार? आणि घरमालक नोंदणीचा कागद देणार का? घर बदललं की दोन आठवड्यांत नवा पत्ता शहराच्या ऑफिसात नोंदवावा लागतो, आणि मालकाच्या सहीशिवाय तो होत नाही. नोंदणी नाही तर व्हिसाचं पुढचं काम अडतं. टीव्ही-रेडिओची वर्गणी महिना 18.36 युरो आहे, ती घराला एकच, माणशी नाही. चौघींत वाटली तर परवडते.

फाल्सला जाताना पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड जवळ ठेव. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने शेजारच्या सगळ्या देशांच्या हद्दींवर तपासणी सुरू केली आहे. परतताना बस थांबवू शकतात.

एक आई, पुणे

माझा मुलगा ड्रेस्डेनला आहे. या दोघांइतकं मला कळत नाही. पण बाळा, कुठेही राहिलीस तरी आईशी बोलताना कॅमेरा चालू ठेव. आवाजावरून तुम्ही मुलं "मस्त चाललंय" म्हणता, चेहरा दिसला की आम्हाला कळतं. आणि ड जीवनसत्त्वाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचार, आमच्याकडे पहिल्या हिवाळ्यात ते फार कमी निघालं होतं.

संगमेश्वरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, काल कॅमेरा लावला. आईने आधी केसांना तेल लावतेस का ते विचारलं.

वर्धेच्या दादा, तुमचं वाचून लगेच मुलींना फोन केला. त्यांचा करार तिघींच्या नावावर आहे, आणि चौथीची नोंदणी करून द्यायला घरमालक तयार नाही. जी मुलगी जातेय ती इतके दिवस मैत्रिणीच्या पत्त्यावर नोंदलेली होती. मला तसं राहायचं नाही. व्हिसासाठी बाबांनी माझ्या खर्चाचे म्हणून बँकेत अडकवलेले 11,904 युरो कर्जाचे आहेत. व्हिसाच्या कामात कुठेही धोका नको. तेव्हा निदान परीक्षा होईपर्यंत इथेच. मुलींना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, खोलीचं सोड, दर रविवारी जेवायला यायचं. भाकऱ्या मी थापायच्या असं ठरलंय, कारण त्या तिघींना पोळ्याच येतात.

निळ्या छत्रीच्या ताई, कागद लावला. शुक्रवार, सात वाजता, आमटी-भात आणि कोकमाची कढी. खाली सहा नावं आली आहेत. समोरच्या खोलीतलीने नावापुढे विचारलंय की कढीत दूध असतं का, तिला चालत नाही. कोकमाची कढी नारळाच्या दुधाची असते, तर ते चालेल ना? आणि डब्यातलं नारळाचं दूध फाटू नये म्हणून काय करता तेही सांगा. ताजा नारळ मिळतो, पण खवणी नाही.