कोथरूड ते वेल्हे लोरा लिंक: मधला डोंगर कसा पार करायचा?

शेतावरचा_नोड
हेल्टेक व्ही३ चे दोन लोरा बोर्ड (कमी विजेत लांबवर छोटे मेसेज नेणारे रेडिओ) आहेत, दोन्हींवर मेशटॅस्टिक, म्हणजे मेसेज एका बोर्डाकडून दुसऱ्याकडे सरकवणारं सॉफ्टवेअर. एक कोथरूडला चार मजली इमारतीच्या गच्चीवर राहील, दुसरा वेल्ह्याजवळच्या शेतावर. शेतावर मोबाइलला रेंज नाही. हवाई अंतर साधारण २९ किमी. पाठवायचं एवढंच: अधूनमधून छोटे मेसेज आणि तासातून एकदा विहिरीच्या पाण्याची पातळी. बोर्डासोबत आलेल्या अँटेनावर शहरात दीड किमीच्या पुढे काही जात नाही. जास्त गेनची (हव्या दिशेला जास्त जोर देणारी) अँटेना घेतली तर २९ किमी जमेल का? परवाना न घेता चालवायचं तर नेमकं काय पाळायचं? विक्रेता म्हणतो लांब पल्ल्याला ४३३ मेगाहर्ट्झचे बोर्ड घ्या. खरं का?

दरी_आणि_डोंगर
अंतर ही अडचणच नाही. मोकळ्या हवेत २९ किमीला ८६६ मेगाहर्ट्झवर सुमारे १२०.५ डीबी (सिग्नलच्या ताकदीचं माप, दर १० डीबीला दहापट फरक) घट होते. बोर्ड २२ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतले डीबी) सोडतो. दोन्हीकडे २-२ डीबीचा अँटेना धरा, वायर-कनेक्टरचे २ डीबी वजा करा, म्हणजे पलीकडे उणे ९६ च्या आसपास पोचतं. मेशटॅस्टिकच्या लाँगफास्ट सेटिंगवर उणे १३१ पर्यंतचं ऐकू येतं. तब्बल ३५ डीबी शिल्लक.

ही सगळी शिल्लक सिंहगड-तोरणा रांग खाते. डोंगराचा माथा तुमच्या सरळ रेषेच्या ३५० मीटर वर आणि शेतापासून ५ किमीवर धरला, तर धारेवरून वळताना आणखी ३५ डीबी जातात. म्हणजे हिशोब बरोबर काठावर येतो. तोही माथा सुरीसारखा धारदार मानून. खरा माथा गोलसर आणि झाडीचा असतो, वर कोथरूडच्या इमारती. तेव्हा नाही जमणार. दोन्हीकडे ३-३ डीबी वाढवून फार तर मध्यरात्री एखादा मेसेज चुकून पोचेल, त्यावर विहिरीचं गणित बसवू नका.

आधी गूगल अर्थमध्ये दोन ठिकाणांमध्ये रेषा ओढून उंचीचा आलेख काढा. मेशटॅस्टिकचा साइट प्लॅनरही आहे. आलेख बघताना रेषा जमिनीला नुसती न टेकणं पुरत नाही, तिच्याभोवती फ्रेनेल झोन, म्हणजे लहरी पसरून जातात तो लांबट फुगा, मोकळा लागतो. २० किमीच्या लिंकला मध्यावर त्याची त्रिज्या ४१ मीटरच्या आसपास येते, त्यातले निदान ६० टक्के, म्हणजे २५ मीटर मोकळे हवेत. शिवाय पृथ्वीच्या गोलाईचे ६ मीटर धरा.

उपाय एकच: दोन्ही बाजू दिसतील अशा ठिकाणी तिसरा नोड. तिथून कोथरूड २४ किमी असलं तरी नजर मोकळी असेल तर ३५ डीबीच्या वर शिल्लक राहते. सिंहगडावर मात्र लावायला जाऊ नका. गड संरक्षित आहे, बिनपरवानगी तटाला किंवा झाडाला काहीही बांधणं चालत नाही, आणि टीव्हीच्या मनोऱ्याशेजारी रिसीव्हर ठेवण्यात तसाही अर्थ नाही. रांगेच्या खांद्यावरच्या एखाद्या वाडीत कुणाचं घर मिळतंय का बघा.

पट्टा_८६५
परवान्याचं. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे. आधी ८६७ पर्यंत होता, २०२१ च्या नियमांत एक मेगाहर्ट्झ वाढला. मर्यादा तीन: ट्रान्समीटर १ वॉट, अँटेनासकट बाहेर पडणारी ताकद (ईआरपी) ४ वॉट, आणि वाहक लहरीची रुंदी (बँडविड्थ) २०० किलोहर्ट्झ. पहिल्या दोन्हींच्या तुम्ही खूप आत आहात. तिसरीकडे कुणाचं लक्ष नसतं. मेशटॅस्टिकचा ठरलेला लाँगफास्ट २५० किलोहर्ट्झ रुंद आहे! काटेकोर राहायचं तर लाँगमॉडरेट घ्या: १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती ताणून पाठवायचा ते) ११. संवेदनशीलता ३ डीबीने सुधारते, किंमत वेळेची. ५० अक्षरांचा इंग्रजी मेसेज लाँगफास्टवर ०.७ सेकंदात जातो, लाँगमॉडरेटवर अडीच सेकंदांच्या आसपास. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, तेव्हा त्याच्याही दुपटीच्या वर. तासाला एक आकडा पाठवणाऱ्याला याने काही फरक पडत नाही.

मेशटॅस्टिकच्या रीजन सेटिंगमध्ये इंडिया निवडा. रीजन निवडलं नाही तर बोर्ड प्रसारणच करत नाही. अमेरिकेचं ९१५ तर अजिबात नको, तो मोबाइलचा पट्टा आहे. विक्रेत्याच्या ४३३ चंही विसरा. इथे त्या पट्ट्यात विनापरवाना फक्त १० मिलिवॉट आणि १० किलोहर्ट्झ रुंदी, तेही घरातल्या वापरासाठी. लोराची नेहमीची रुंदी त्यात बसतच नाही.

आणखी एक, ज्यात बरेच जण अडकतात: मुख्य चॅनलचं नाव बदललं की फ्रीक्वेन्सीही बदलते, कारण स्लॉट (पट्ट्यातली नेमकी जागा) त्या नावावरून ठरतो. तिन्ही बोर्डांवर नाव, चावी (मेसेज गुप्त ठेवणारा कोड) आणि प्रीसेट (लाँगफास्ट किंवा लाँगमॉडरेट) तंतोतंत सारखं हवं, किंवा स्लॉट नंबर हाताने पक्का करा. ठरलेली चावी जगाला ठाऊक आहे, स्वतःची तयार करा.

तांब्याची_काडी
गच्चीवरून दीड किमी म्हणजे अँटेनातच काहीतरी गडबड. प्रथम कनेक्टर बघा. वायफाय राउटरचे अँटेना बहुधा आरपी-एसएमए, म्हणजे पिन आणि भोक उलट केलेल्या कनेक्टरचे, असतात. साध्या एसएमए सॉकेटवर ते व्यवस्थित फिरून बसतात, पण दोन्हीकडे भोकच, मधली पिन कुठेच नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि रेंज दोन गल्ल्यांची. बोर्डावरचं बारीक आयपेक्स कनेक्टर निसटलंय का तेही चाचपून बघा. आणि अँटेना न लावता बोर्डाला वीज देऊ नका, प्रसारणाची चिप जाऊ शकते.

फुकटात जमणारा अँटेना: एन-टाइप चॅसिस सॉकेट, २ मिमी तांब्याची तार. मधल्या पिनवर ८२ मिमीचा उभा तुकडा, चार भोकांत ८७ ते ९० मिमीच्या चार काड्या, ४५ अंशांत खाली वाकवून. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) मिळाला तर ८६६ वर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या सिग्नलचं माप) १.५ च्या खाली येईपर्यंत उभी तार एकेक मिलिमीटर कापा. आधी थोडी लांबच ठेवा. तार कापता येते, वाढवता येत नाही.

वायर लांब ओढू नका. या फ्रीक्वेन्सीला आरजी-५८ केबलमध्ये मीटरमागे अर्धा डीबी जातो, आरजी-१७४ मध्ये जवळजवळ दुप्पट. दहा मीटर आरजी-५८ ओढली की अँटेनाचा सगळा गेन गेला आणि वर भुर्दंड. बोर्डच डब्यात घालून वर ठेवा, खाली ब्लूटूथने किंवा वायफायने बोला.

शहरातला छुपा शत्रू म्हणजे मोबाइल टॉवर. ८५० च्या पट्ट्याचं डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) ८६९ ला सुरू होतं, तुमच्यापासून जेमतेम दोन-तीन मेगाहर्ट्झवर. शेजारच्या गच्चीवर टॉवर असेल तर रिसीव्हर बहिरा होतो. ओळखायची खूण: आरएसएसआय (आलेली एकूण ताकद) चांगला, उणे ९०, पण एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर ते) शून्याच्या खाली. इतक्या जवळ साधा सॉ फिल्टर फारसं कापत नाही, कॅव्हिटी फिल्टर लागतो आणि तो महाग. त्याआधी अँटेना पाण्याच्या टाकीआड हलवून बघा, टॉवर झाकला गेला पाहिजे, डोंगराची दिशा नाही.

शेतावरचा_नोड
कनेक्टर तोच निघाला, पिन नाहीच. रांगेवरच्या वाडीत ओळखीचं घर आहे, पण वीज बेभरवशाची. तिथेही हेल्टेकच लावू का?

दरी_आणि_डोंगर
नको. हेल्टेकसारखा ईएसपी३२ चिपवाला बोर्ड १०० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, ३००० मिलिअँपिअर-तासांच्या एका सेलवर जेमतेम सव्वा दिवस. वर आरएके४६३१ बोर्ड लावा, त्यात कमी वीज खाणारी एनआरएफ५२८४० चिप असल्याने १० मिलिअँपिअरच्या घरात भागतं. दोन १८६५० सेल समांतर, ५ ते ६ वॉटचं सौर पॅनल. कागदावर हे सेल उन्हाशिवाय २५ दिवस पुरतात, निम्मेच धरा. जुलैत त्या रांगेवर आठवडाभर ऊन पडत नाही, म्हणून एवढी क्षमता. डबा आयपी६५ (धूळ-पाणी रोखणारा), वायरी सगळ्या खालून आत, आणि तळाला ३ मिमीचं एक भोक. पूर्ण बंद डब्यात रात्री आतल्या हवेचंच पाणी होतं. अँटेनाच्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, वरून साधी इन्सुलेशन टेप.

रोल: फक्त वरचा नोड राउटर. बाकी दोन्ही क्लायंट, हॉप लिमिट (मेसेज किती टप्पे पुढे जाईल ते) ३ आहे तेवढंच. सगळेच राउटर केले की एकमेकांच्या अंगावर बोलतात आणि पॅकेट मरतात. नोड बांधून खाली यायच्या आधी दोन्ही टोकांना ट्रेसरूट (मेसेजचा मार्ग दाखवणारी चाचणी) पाठवा आणि दर टप्प्याचा एसएनआर बघा. स्प्रेडिंग फॅक्टर ११ ला उणे १७.५ पर्यंत वाचता येतं, म्हणून कोरड्या दिवशी उणे ८ पेक्षा वाईट दिसलं तर अँटेना हलवा.

पट्टा_८६५
वाडीचं फिसकटलं तर: वेल्ह्यात ब्रॉडबँड असलेलं एखादं घर शोधा. शेत ते वेल्हे लोरा, तिथला बोर्ड वायफायवर, पुढे एमक्यूटीटीने (इंटरनेटवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत) कोथरूड. चॅनलवर अपलिंक (इंटरनेटकडे) आणि डाउनलिंक (इंटरनेटकडून) दोन्ही चालू करावं लागतं. डोंगराचा प्रश्नच उरत नाही, फक्त इंटरनेट गेलं की सगळं गेलं.

पाण्याच्या पातळीसाठी जेएसएन-एसआर०४टी हा ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर घेऊ नका. साडेचार मीटरच्या पुढे तो चालत नाही, आणि उन्हाळ्यात विहीर त्याहून खोल जाते. पाण्यात सोडायचा प्रेशर सेन्सर घ्या, छोट्या मायक्रोकंट्रोलरवर वाचा आणि मेशटॅस्टिकच्या सिरियल मॉड्यूलला टेक्स्ट मोडमध्ये आकडा द्या.