ओजिब्वे कादंबऱ्या : 'एक वाचली की सगळ्या वाचल्या' हे कशाच्या जोरावर?

पानगळ
काल इथे खरडवहीने लिहिलं की लुईज एर्ड्रिकची 'द राउंड हाउस' अर्ध्यात सोडली, या ओजिब्वे (उत्तर अमेरिकेतली एक मूळ निवासी जमात) लेखकांचं सगळं तेच ते, रिझर्वेशन (जमातीसाठी राखून ठेवलेली जमीन), दारू, अत्याचार आणि रडारड, गोऱ्या वाचकाला अपराधी वाटावं म्हणून लिहायचं आणि बक्षिसं घ्यायची, एक वाचली की सगळ्या वाचल्या. त्याखाली 'अगदी मनातलं बोललास' म्हणणारे बरेच जमले. मला रात्री झोप आली नाही, म्हणून वेगळा धागा.

'राउंड हाउस' 2012 ची. नॉर्थ डकोटातलं रिझर्वेशन, साल 1988, ज्यो तेरा वर्षांचा आणि त्याच्या आईवर बलात्कार होतो. तिचा चेहरा झाकलेला असतो त्यामुळे नेमकं कुठे झालं ते तिला सांगता येत नाही, आणि अख्खी कादंबरी या एका गोष्टीवर उभी आहे, कारण त्या परिसरात एक तुकडा जमातीचा, शेजारचा राज्य सरकारचा, पलीकडचा खासगी. जागा ठरल्याशिवाय खटला कोणी चालवायचा ते ठरत नाही, आणि आरोपी बिगर-इंडियन, म्हणजे कुठल्याच मूळ अमेरिकी जमातीचा नसलेला, निघाला तर 1978 च्या ओलिफंट निकालानंतर जमातीच्या कोर्टाला त्याच्यावर फौजदारी खटला चालवताच येत नाही. ज्योचा बाप स्वतः त्या कोर्टात जज! तो पोराला हे कसं समजावतो? फ्रिजमधलं खराब झालेलं कॅसरोल ओट्यावर काढतो आणि त्यावर काटे-सुऱ्या रचत जातो, एकेक सुरी म्हणजे एकेक निकाल, आणि सगळा डोलारा खालच्या त्या कुजक्या अन्नावर. रडारड कुठे आहे यात? बाप लेकाला आपलं हतबल असणं शिकवतोय आणि लेक ते मान्य करत नाहीये.

आणि हसण्याबद्दल कोणी बोलतच नाही. ती चार पोरं सायकली हाणत फिरतात, 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेसाठी वेडी असतात, आणि म्हातारा मूशुम काय काय चावट बोलतो ते मी इथे लिहू शकत नाही. 'द नाइट वॉचमन' घ्या, 2021 चं पुलित्झर. एर्ड्रिकचे आजोबा पॅट्रिक गुर्नो यांच्यावरून रचलेला माणूस, रात्री कारखान्यावर पहारा देतो आणि झोप मारत पत्रं लिहीत बसतो, कारण 1953 मध्ये अमेरिकन काँग्रेसने जमातींशी असलेलं नातं संपवायचा ठराव केला आणि त्यात त्याची टर्टल माउंटन जमात होती. लेखिका तीच, माणसं तिथलीच, पण गोष्टीत काडीचं साम्य नाही.

खरडवही
मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तू दिलेली उदाहरणं कायद्याची आहेत, कादंबरीची नाहीत. कायदा समजून घ्यायला मी लेख वाचेन ना. लीच लेक रिझर्वेशनचा डेव्हिड ट्रॉयर, स्वतः ओजिब्वे कादंबरीकार, त्याने 2006 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं की ही पुस्तकं संस्कृतीची माहिती म्हणून वाचणं बंद करा, साहित्य म्हणून वाचा. मी साहित्य म्हणूनच वाचलं आणि मला मधला भाग रेंगाळलेला वाटला. हे म्हटलं की लगेच मी असंवेदनशील! एर्ड्रिकच्याच 'लव्ह मेडिसिन'ची पण तीच गत, दर प्रकरणाला नवा माणूस बोलायला लागतो, मी शेवटी वहीत वंशावळ काढत बसलो, ऑफिसातून थकून आल्यावर कोण करणार हे. आणि आयात पेपरबॅकच्या किमती बघितल्यात का कोणी? एवढे पैसे मोजून वर गृहपाठ.

मिनियापोलिस मुक्काम
ट्रॉयर अर्धाच सांगू नकोस भाऊ. त्याचं म्हणणं वाक्य बघा, रचना बघा, असं आहे. 'सगळं तेच ते' हे साहित्य म्हणून वाचणं झालं का?
बाकी मी इथे बरीच वर्षं राहतोय आणि माझा राग आपल्याच लोकांवर आहे. मंडळाच्या गणपतीत एकाने मला विचारलं, 'ते रेड इंडियन अजून असतात का रे?' अरे, 1968 मध्ये अमेरिकन इंडियन मूव्हमेंट याच शहरात सुरू झाली, सुरू करणाऱ्यांत ओजिब्वे माणसं पुढे होती, त्यांच्या वस्तीतल्या फ्रँकलिन अ‍ॅव्हेन्यूवरून तू रोज गाडी नेतोस. एर्ड्रिकबाईंचं पुस्तकांचं दुकान आहे इथे, बर्चबार्क बुक्स, छोटंसं, आत चर्चमधली कन्फेशनची लाकडी खोली उभी केलीय. त्यांच्या 'द सेंटेन्स' कादंबरीत अशाच दुकानात एका मेलेल्या गिऱ्हाइकाचं भूत येऊन पुस्तकं चाळतं. भूत! रिझर्वेशनची रडारड म्हणे.

रातराणी
या सगळ्यात कॅनडातल्या ओजिब्वे लेखकाला, रिचर्ड वॅगमीसला, विसरलात. 'इंडियन हॉर्स' (2012) वाचा. कॅनडातली रेसिडेन्शिअल स्कूल, म्हणजे मूळ निवासी पोरांना घरापासून तोडून ठेवायची निवासी शाळा, सॉल नावाचा पोरगा, आजी कडाक्याच्या थंडीत त्याला कवेत घेऊन मरते आणि मग त्याला उचलून शाळेत टाकतात. मला तर पानोपानी आपल्या आश्रमशाळाच दिसत होत्या. तेच चाललंय आपल्याकडे पण कोणी लिहीत नाही.

डोंगरवाट
थांबा ताई. 'तेच' म्हणजे काय तेच? मी नंदुरबारकडचा पावरा, दहावीपर्यंत आश्रमशाळेत होतो. डाळीत पाणी जास्त असायचं, थंडीत एका चादरीत दोघं झोपायचो, सगळं खरं. पण मला तिथे माझ्या बापाने स्वतः खांद्यावर बसवून सोडलं आणि दिवाळीला तोच न्यायला आला. कॅनडात कायद्याने सक्ती होती, पोरं आईबापांच्या हातातून काढून नेली, दीड लाखाच्या आसपास पोरं गेली त्या शाळांतून, 2008 ला पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. माझ्या बापाचा निर्णय आणि ते तुम्ही एका ओळीत बसवता? शहरात बसून आमचं दुःख वापरायला सोपं जातं.

रातराणी
'शहरात बसून' हे वैयक्तिक झालं. माझी आई आयुष्यभर आश्रमशाळेत शिक्षिका होती, मी त्याच आवारात वाढले. हेतू सारखा होता असं मी कुठे म्हटलं? पोरांची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवायला लावायचे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमच्या शाळेत पावरी बोललेलं चालायचं का, खरं सांगा.

डोंगरवाट
नाही चालायचं. एक सर हसायचे, आणि मार खाण्यापेक्षा ते जास्त लागायचं. एवढं मान्य, यापुढे एक पाऊल नाही, कारण त्याच शाळेने मला नोकरीपर्यंत आणलं आणि गावी गेलो की आजही मी पावरीतच बोलतो.
आणि 'इंडियन हॉर्स' मीही वाचलीय, दोन रात्रीत. वॅगमीस स्वतः त्या शाळेत गेलेला नाही, त्याच्या घरची माणसं गेली होती, तो इतरांच्या घरांत वाढला. तरी तो बर्फाचा भाग बघा. आइस हॉकी खेळायला लहान म्हणून सॉलला घेत नाहीत, तर तो पहाटे उठून रिंक साफ करायचं काम मागून घेतो, घोड्याच्या लिदीचे गोठलेले गोळे बर्फात लपवून ठेवतो आणि कोणी उठायच्या आत त्यांच्यावर शॉट मारत बसतो. एवढ्या घाणेरड्या जागेत तो पोरगा एका गोष्टीत उस्ताद होत चाललाय आणि ते फक्त त्यालाच माहीत आहे! मला तिथे रडू आलं, शाळेच्या छळाच्या पानांवर नाही आलं. तुम्ही दोघंही बाजू छळाचीच मोजताय.

कोर्टकचेरी
आश्रमशाळेचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या, कळकळीची विनंती. मूळ विषयावर एक भर घालते. राउंड हाउस आली त्याच्या पुढच्याच वर्षी, 2013 मध्ये, घरगुती हिंसेच्या प्रकरणात जमातीच्या कोर्टांना बिगर-इंडियन आरोपीवर खटला चालवायची मर्यादित मुभा मिळाली आणि 2022 मध्ये लैंगिक हिंसाही त्यात आली. अधिकारक्षेत्राच्या वादात पक्षकार कसा पिचतो हे मी रोज बघते, पण फिर्यादीच्या घरात संध्याकाळी स्वयंपाक कोण करतं, ती खोलीबाहेर येते का, हे निकालपत्रात नसतं. ते या कादंबरीत आहे. 'कायद्यासाठी लेख वाचेन' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरडवही
ठीक आहे, कॅसरोलचं दृश्य मी जिथे सोडली त्याच्या पुढे असणार, ते वाचतो. मधला भाग रेंगाळतो हे मत बदलणार नाही, आणि बक्षिसांवरून पुस्तक थोर ठरत नाही हेही नाही. वंशावळ न काढता वाचता येईल असं एक नाव सांगा, बारीक पुस्तक.

पानगळ
वॉबगेशिग राइस, 'मून ऑफ द क्रस्टेड स्नो', 2018. उत्तर ऑन्टॅरिओतलं रिझर्व्ह, ऐन थंडीच्या तोंडावर वीज जाते, फोन जातात, दक्षिणेकडून काहीच बातमी नाही. बाहेरच्या जगाचा प्रलय आलाय, आणि गावातली म्हातारी एलीन म्हणते की आमचा प्रलय कधीच होऊन गेला, गोरे आले तेव्हाच. मग लाकडं किती उरली, डिझेल किती, कोणाला किती वाटायचं, यावर सगळं चालतं, आणि दक्षिणेतून एक अनोळखी गोरा माणूस येऊन थडकतो. वंशावळ नको, वही नको. सुरुवात मूसच्या (तिकडचं मोठं हरीण) शिकारीने आहे, नायक एव्हन एकटा जंगलात, ती तुला रेंगाळलेली वाटेल हे आत्ताच सांगून ठेवते, पण ते मांस पुढे कोणाकोणाच्या घरी जातं तिकडे लक्ष ठेव.

डोंगरवाट
याचा पुढचा भागही आलाय, 2023 ला. पण आधी राउंड हाउस पुरी कर, खरडवही, आणि मग इथेच लिही. आश्रमशाळेचा धागा मी काढतोय, रातराणी ताई, तिथे या.